गालातली बी

“कुणी लिहिलंय ते मला विचारायचं नाहीये,” कोयानागी-सान म्हणाले आणि त्यांनी हातातली चिठ्ठी आमच्याकडे तोंड करून धरली. “फक्त याचा अर्थ काय तेवढं सांगा.”

चिठ्ठीवर एकच अक्षर होतं. च्च.

सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं होती. शेडच्या पत्र्यावरून बर्फाचा थर घसरून बाहेर धप्पकन पडला. आम्ही बाराजण रोजच्यासारखे दोन ओळींत उभे होतो, डोक्यावर टोप्या, नजरा जमिनीला. आमच्या त्सुबामे गावात घरटी एक माणूस चमच्यांच्या धंद्यात असतो, तसे आम्हीही. आमच्या शेडमध्ये पोलादी पत्र्याचे चमचे निघतात आणि कोयानागी-सान या शेडचे हान्चो, म्हणजे आमच्या तुकडीचे प्रमुख.

“म्हणजे मी असा आवाज काढतो?”

मग पहिल्या ओळीतल्या ओनोला वाटलं की आपणच काहीतरी बोलायला हवं.

“नाही, हान्चो. असं कधी ऐकलं नाही.”

“कधीच नाही,” रिएको म्हणाली. ती पॉलिशच्या चाकावर असते.

कोयानागी-साननी चिठ्ठी परत आपल्याकडे वळवली, नीट पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून म्हणाले, “च्च.”

कुणी हसलं नाही. ते हसण्यासारखं होतं हे मला आत्ता, लिहिताना कळतंय. तेव्हा मात्र मी नजर बुटांवरून उचलली नाही, कारण ती चिठ्ठी माझी होती. डाव्या हाताने लिहिली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

झालं होतं असं की मालकांनी शहरातून एक प्रशिक्षक बोलावला होता. प्रमुखाने आधी स्वतःला ओळखावं, मगच माणसं सांभाळावीत, असं त्याचं म्हणणं. त्याने आम्हाला कोरे कागद वाटले आणि सांगितलं की आपल्या प्रमुखाला स्वतःबद्दल माहीत नसलेली एक गोष्ट लिहा, नाव घालू नका. अकरा जणांनी लिहिलं, ‘नेहमी आमची काळजी घेता, आभारी आहोत.’ अकरा कागद, एकच वाक्य. आमच्याकडे असल्या कागदावर दुसरं काय लिहितात? मी लिहिलं ते काही शूर म्हणून नाही. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलापाशी उभं राहून चारदा तो आवाज काढला होता आणि माझं डोकं फिरलं होतं, एवढंच.

कोयानागी-सान वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. एकोणतीस वर्षांत कुणावर ओरडले नाहीत. कुणाची आई आजारी असली तर सुट्टी लिहून द्यायचे आणि घरी संत्री पाठवायचे. पण तुम्ही काही सांगायला गेलात, की तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती जीभ टाळ्यावरून सुटायची. च्च. मग ते शांतपणे ऐकून घेत, मदतही करत. पण तोवर सांगणारा आतल्या आत मुडपलेला असायचा. हळूहळू लोकांनी सांगणंच सोडलं. अळीमिळी गुपचिळी.

शेडच्या दाराशी दोन वस्तू होत्या. एक फळा, त्यावर ‘अपघाताविना दिवस’ आणि खाली आकडा. तो रोज सकाळी कोयानागी-सान स्वतः बदलत. चिठ्ठीच्या दिवशी तो एकोणीसशे एकसष्ट होता. फळ्याखाली एक लाकडी पेटी. काही होता होता टळलं, पाय घसरला पण पडलो नाही, पट्टी उडाली पण लागली नाही, असलं काही घडलं की कागदावर लिहून तिच्यात टाकायचं. आम्ही तिला ‘थोडक्यात वाचलो’ पेटी म्हणायचो. दुसऱ्या शेडमध्ये महिन्याला तीस-चाळीस कागद निघत. आमची पेटी तीन वर्षं रिकामी होती. कोयानागी-सानना त्याचा अभिमान वाटायचा.

मला त्या पेटीकडे बघवत नसे, कारण चार नंबरच्या प्रेसचं मला माहीत होतं.

चार नंबर चमच्याला खोलगटपणा देतो. सपाट पट्टी साच्यावर ठेवायची आणि दोन बाजूंची दोन हिरवी बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, मग वरून ऐंशी टनांचा दाब खाली येतो. बटणं दोन अशासाठी की त्या वेळी माणसाचे दोन्ही हात बटणांवर असावेत, साच्यात नसावेत. चार नंबरवर सासागे-सान होते. वय सहासष्ट, निवृत्तीनंतर एकेका वर्षाच्या बोलीवर ठेवलेले. अर्ध्या शेडला काम त्यांनीच शिकवलेलं, कोयानागी-सान एकोणीस वर्षांचे असताना त्यांनासुद्धा. पण सासागे-सानचा डावा खांदा धरला होता. हात कमरेच्या वर जाईना आणि बटण होतं छातीएवढं उंच.

मग त्यांनी काय केलं, तर जेवणाच्या डब्यातली लाकडी काडी मोडली आणि तिचा तुकडा डाव्या बटणाच्या फटीत ठोकून ते दाबलेलंच ठेवलं. डाव्या हाताने पट्टी ठेवायची, उजव्याने एकच बटण दाबायचं. काम दुप्पट वेगाने व्हायला लागलं.

“सासागे-सान, हे बरं नाही,” मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते.

“बरं नाही ते मला माहितीये. चाळीस वर्षं इथं घासलीत मी,” ते म्हणाले. “पण सांगशील त्याला, तर तो काय करेल? च्च करेल, मग मला घरी पाठवेल. घरी जाऊन मी काय भिंतीशी बोलू?”

म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ते पोटात घातलं. आणि नुसतं पोटात घालून थांबलो नाही. माझं तपासणीचं टेबल दारासमोर, चार नंबरपासून आठ पावलांवर. हान्चो दारात दिसले की मी हातातला चमचा पत्र्याच्या तबकात सोडायची. ठण्ण. कानात बोळे असले तरी तो आवाज प्रेसच्या धडधडीतून वर येतो. तो ऐकला की सासागे-सान तुकडा काढून खिशात टाकत आणि हान्चो जाईपर्यंत तेल पुसत बसत. तीन वर्षं आम्ही हे केलं. त्यांच्या भल्यासाठी, फळ्यावरच्या आकड्यासाठी, शेडच्या अब्रूसाठी. कुणाच्याही वाईटासाठी नाही.

चिठ्ठीनंतर दोन दिवसांनी कोयानागी-सान चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी आले. मी सवयीने चमचा सोडला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसले.

“नागुमो-सान, मी बायकोला विचारलं.”

“काय?”

“तो आवाज. ती म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून काढता. सूप तोंडाला लावलं की च्च. तिला वाटलं मीठ जास्त झालं. म्हणून तिनं कमी केलं. मग आणखी कमी केलं.” त्यांनी कप माझ्या टेबलावर ठेवला. “सत्तावीस वर्षं मी अळणी सूप पितोय. मला वाटायचं, तिलाच तसं आवडतं.”

मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली, कारण आता ते आणखी काय काय विचारतील याचा नेम नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डाव्या गालाला फुगवटा दिसायला लागला. डब्यातल्या भातावरची उमेबोशी, ते मिठात मुरवलेलं आंबट फळ, खाऊन ते तिची बी गालात ठेवत, जिभेला लागून, म्हणजे जीभ टाळ्याला लागणार नाही. दिवसभर.

“हान्चो, गळू झालंय का?” सासागे-साननी सगळ्यांदेखत विचारलं.

“खोड झालीये.”

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.”

“बघू. ही बी मेली तर दुसरी घेईन,” कोयानागी-सान म्हणाले. त्या दिवशी मात्र सगळे हसले. ओनोसुद्धा.

आणि खरंच फरक पडला. माणूस तुमचं वाक्य पुरं होऊ देतो, तेव्हा ते पुरं करावंसं वाटतं. पाचव्या दिवशी पेटीत पहिला कागद पडला. दोन नंबरखाली तेल सांडतं, मी घसरता घसरता वाचले, असं रिएकोने लिहिलं होतं. कोयानागी-साननी तो सकाळी सगळ्यांसमोर वाचला, तिच्याकडे वळून कमरेत वाकले आणि त्याच दिवशी तिथे जाळी बसवून घेतली. मग कागद यायला लागले. दिवा लुकलुकतो. शिडीची पायरी हलते. महिनाभरात एकवीस कागद. ते एकेक कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवत, पोरांनी शाळेतून आणलेली बक्षिसं ठेवावीत तसे.

चार नंबरचा कागद कुणी टाकला नाही. जाळीने भागण्यासारखं ते नव्हतंच. ते सांगायचं म्हणजे तीन वर्षं सगळ्यांनी मिळून तुम्हाला फसवलं हे सांगायचं. जितके ते चांगले वागायला लागले, तितकं ते सांगणं अवघड झालं. मी चमचा सोडतच राहिले. कधी कधी चमचा पडल्यावर ते माझ्या हाताकडे बघत, आणि मी खाली बघे.

फेब्रुवारीत आकडा एकोणीसशे नव्याण्णववर आला. दोन हजाराव्या दिवशी मालक येणार होते. तांबड्या चवळीच्या भाताचे डबे सांगून ठेवले होते, शुभ दिवसाला लागतो तसा. त्या पहाटे मला उगाच जाग आली. बाहेर बर्फ पडत होता आणि त्याचा काहीच आवाज होत नव्हता. मी ठरवलं, आज सांगायचं. उद्या मालकांनी टाळ्या वाजवल्यावर ते कधीच सांगता येणार नाही.

दहाच्या चहाला मी त्यांच्या खोलीत गेले. ते उद्याचं भाषण उभं राहून वाचत होते. बोलताना अडचण नको म्हणून बी काढून बशीत ठेवली होती. मला ती दिसली, पण लक्षात यायला हवं होतं ते आलं नाही.

“या, नागुमो-सान.”

“हान्चो, एक सांगायचं होतं. बरेच दिवस सांगायचं होतं. सासागे-सानचं, चार नंबरचं…”

त्यांनी माझ्याकडे वळताना कोपर कपाला लागलं. चहा कागदावर सांडला, भाषणाची शाई पसरली.

“च्च.”

तो माझ्यासाठी नव्हता. चहासाठी होता. मला तेव्हाही हे कळत होतं. पण अंगाला कळायला वेळ लागतो, आणि माझ्या अंगाला एकोणीस वर्षांची सवय होती.

“…चार नंबरला तेल कमी पडतंय,” मी म्हणाले.

“बरं. दुपारी बघतो. एवढंच ना?”

“एवढंच.”

मी परत येऊन टेबलाशी बसले. चमचे उचलत होते, उजेडात धरत होते, ठेवत होते. दहा मिनिटं गेली असतील. दारात कोयानागी-सान दिसले. त्यांचा गाल फुगलेला होता. ते चार नंबरकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते, सरळ माझ्याकडे येत होते. मी निघून गेल्यावर त्यांना बशीतली बी दिसली होती आणि आपण काय केलं ते कळलं होतं. माझं वाक्य पुरं करून घ्यायला ते आले होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आणि माझ्या हातातून चमचा सुटला.

मी तो सोडायचा असं ठरवलं नव्हतं. हाताने आपणहून सोडला. ठण्ण. सासागे-सान दचकले, तुकडा काढायला वळले, आणि तोल सावरताना त्यांचा उजवा तळवा बटणावर पडला. डावा हात अजून साच्यात होता.

प्रेसचा आवाज नेहमीसारखाच झाला. काही वेगळा झाला नाही.

ओनोने प्रेस बंद केला. रिएकोने आपला टोपीखालचा रुमाल सोडून त्यांच्या हाताला गुंडाळला. दोन बोटं गेली होती. सासागे-सान ओरडले नाहीत. लादीवर बसले, तोंड चुन्यासारखं पांढरं. समोर गुडघ्यावर बसलेल्या कोयानागी-सानना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा हान्चो म्हटलं नाही.

“कोयानागी. ऐक. तुझी गाडी काढ. घरचा बर्फ उपसायच्या यंत्रात हात गेला असं सांगू. माझ्याकडे यंत्र आहे, सगळ्या गावाला माहितीये.”

“बोलू नका.”

“उद्या दोन हजार आहे. मी तुला शिकवलंय. माझ्यापायी तुझा आकडा जाऊ देणार नाही.”

“हान्चो, ते म्हणतात ते बरोबर आहे,” ओनो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “उद्या मालक येतायत. आम्ही कुणी तोंडातून ब्र काढणार नाही. कुणीच नाही.”

मागे कुणीतरी फडकं ओलं करून लादी पुसायलासुद्धा लागलं होतं. मी सगळ्यांची तोंडं पाहिली. दुष्टपणा कुठेही नव्हता. सगळे त्यांच्याकडे बघत होते, प्रेमाने, घाईने, आणि वाट बघत होते त्यांनी नुसती मान हलवण्याची. तेव्हा मला जी भीती वाटली ती रक्ताची नव्हती.

कोयानागी-साननी तोंडात बोट घालून बी काढली, घड्या घातलेल्या कागदांच्या खिशात ठेवली आणि फोन काढून रुग्णवाहिका बोलावली. पत्ता सांगितला, शेडचं नाव सांगितलं, प्रेसमध्ये हात, असं स्पष्ट सांगितलं. मग पुसणाऱ्याला म्हणाले, “पुसू नका. राहू दे तसंच.” रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी सासागे-सानचा हात वर धरून ठेवला. गाडी गेल्यावर ते फळ्यापाशी गेले आणि चारही आकडे उतरवून शून्य लावलं.

संध्याकाळी पाचला मी त्यांच्या खोलीत गेले. ते कामगार खात्याचा कागद भरत होते. ‘कारण’ असा एक रकाना असतो. तिथे आजवर सगळ्या शेडमधून एकच उत्तर जात आलंय, कामगाराचा निष्काळजीपणा. त्यांनी लिहिलं होतं, ‘प्रमुखाला सांगता येत नव्हतं.’

“आणखी एक आहे,” मी म्हणाले. आणि चमच्याचं सांगितलं. सगळं. पहिल्या दिवसापासून.

मी त्या आवाजाची वाट बघत होते. बी अजून खिशातच होती. आवाज आला नाही.

“किती दिवस?”

“तीन वर्षं.”

“म्हणजे मी आत आलो की, दर वेळी?”

“दर वेळी.”

“मला वाटायचं, तुमचा हात थरथरतो,” ते म्हणाले. “त्या वयात होतं असं. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून बोललो नाही. ते रबराच्या बोटांचे हातमोजे मी तुमच्यासाठीच मागवले होते.”

ते हातमोजे माझ्या खिशात होते. मला वाटलं होतं, कंपनीने सगळ्यांना दिलेत. मी तिथेच रडले. त्यांनी मला रडू दिलं, मग कागद पुढे ओढला.

“तेही लिहितो,” म्हणाले आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तांबड्या भाताचे डबे आले. रद्द करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मालक आले नाहीत. आम्ही ते डबे शून्याच्या फळ्यासमोर बसून खाल्ले, कारण अन्न टाकता येत नाही. एक डबा उरला.

कोयानागी-सानना पॅकिंगमध्ये हलवलं आणि वर्षभराने ते मुदतीआधीच निवृत्त झाले. सासागे-सान घरी असतात. मी अधूनमधून जाते. भिंत बरी आहे म्हणतात, उलटून बोलत नाही. मला त्यांनी एकदाही चमच्याबद्दल विचारलेलं नाही.

मधलं वर्षभर दुसऱ्या शेडचे हान्चो आमच्याकडेही बघत होते; या एप्रिलपासून हान्चो मी आहे. शेडमध्ये बाई पहिल्यांदाच. कोयानागी-साननी एक बरणी पाठवली, घरी घातलेल्या उमेबोशीची, सोबत चिठ्ठी होती, ‘जरा खारट आहेत. बायको आता मीठ घालते.’ मी रोज एक खाते आणि बी गालात ठेवते. जीभ टाळ्याला लावायची सवय मला नाही, हे मला माहीत आहे. मग माझी काय आहे? मेमध्ये तोच प्रशिक्षक पुन्हा आला, त्याने बाराजणांना कागद वाटले. मी बाराही कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिले. नेहमी आमची काळजी घेता, आभारी आहोत. बारा वेळा.

पेटी मी रोज सकाळी उघडते. गेले एकोणीस दिवस ती रिकामी आहे.

परवा चहानंतर मी जरा लवकर शेडमध्ये परतले. दारातून आत पाऊल टाकलं आणि तपासणीच्या टेबलाकडून, जिथे आता रिएको बसते, पत्र्याच्या तबकात एक चमचा पडला. मी थांबून सगळीकडे पाहिलं. सगळे खाली मान घालून काम करत होते.